जाम आमचा, झाकण कुणाचं?

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चार-पाच अंगंच टेकली आहेत, गोड मानून घ्यावं.) तुमचा खोकला गेला का? तिकडे परदेशातल्या थंडीत तुम्ही मफलरशिवाय हिंडता, असं ताई फोनवर कुरकुरत होती. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि अप्पा त्या गुडघ्यांपेक्षा जास्त. पत्राला खास कारण नाही. तुमच्याकडून काही नको आहे, सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसलो.

आमच्या पेरूच्या जामचं परदेशप्रकरण ताईने तुम्हाला अर्धवट सांगितलंच असेल. आपला कारखाना (तुम्ही एकदा त्याला ‘मोठं स्वयंपाकघर’ म्हणाला होतात, अप्पा अजून विसरलेले नाहीत) गेली दोन वर्षं धापा टाकतो आहे. शेड विकायची पाळी आली, तर गिऱ्हाईक एकच : भिंतीपलीकडे दिवसभर पत्र्याचं काहीतरी ठोकत बसणारे तुमचे काका. ताईचं लग्न ज्या भिंतीवरून बोलता बोलता ठरलं, ती हीच भिंत. पण लग्नाच्या जेवणात अप्पांनी काकांच्या मालाला चारचौघांत ‘डबडी’ म्हटलं आणि त्या दिवसापासून त्या बाजूची आमची खिडकी बंद आहे. शेड काकांच्या घशात घालण्यापेक्षा अप्पा स्वतःला कढईत उकळून घेतील. तेव्हा कारखाना वाचवायचा तर माल परदेशी गेला पाहिजे, असं मी ठरवलं.

त्यासाठी मी एका हॉटेलात दिवसभराचं शिबिर केलं. विषय : अन्नउद्योगात एखादा देश जगाच्या बाजारात टिकतो तो कशामुळे. टायवाल्या वक्त्यांनी सांगितलं, की नुसतं फळ भरपूर पिकतं म्हणून कोणी जिंकत नाही आणि मजुरी स्वस्त म्हणून तर मुळीच नाही. घरचं गिऱ्हाईक चोखंदळ हवं, आपसांत चुरस हवी, आणि काच, पत्रा, शीतगृह, वाहतूक असले जोडधंदे हाकेच्या अंतरावर हवेत. (हा शेवटचा मुद्दा जेवणानंतर आला, त्यामुळे तो माझ्यापर्यंत घोरण्यातून गाळून पोचला.) घरी येऊन मी अप्पांना म्हटलं, जगात उतरायचं तर दृष्टी हवी. अप्पा म्हणाले, झाकण हवं. आपली बरणी आडवी केली की गळते. मला त्यांची कीव आली. मी नवीन लेबल करायला घेतलं. त्यात पेरूतून पृथ्वी उगवताना दाखवली आहे. (बघणाऱ्यांना ते पेरूला आलेलं गळू वाटतं, पण छपाई झाली होती.)

तेवढ्यात तिकडच्या एका बड्या व्यापाऱ्याने नमुना मागवला. (तुम्ही मला नेहमी ‘नमुना’ म्हणता, त्यामुळे आईला क्षणभर वाटलं की मलाच पाठवायचं आहे. ती माझे सदरे इस्त्री करू लागली होती.) मी छापखान्यात अडकलो होतो, म्हणून पार्सल आईनेच बांधून धाडलं. महिन्याभराने उत्तर आलं : चव अप्रतिम, मोठी ऑर्डर देऊ. मी हवेत तरंगलो. कारखान्यातल्या माणसांना घरी बोलावून चहा पाजला. मग कपबशा ठेवायला काचेचं कपाट उघडलं आणि बघतो तर काय, तुम्ही तिकडून आणलेली, आम्ही शोभेला मांडलेली ती सोनेरी झाकणाची परदेशी बरणी जागेवर नाही!

भावोजी, माझ्या पायांखालची जमीन सरकली. आईने आमचं लेबल लावून त्यांचाच जाम त्यांना चाखायला पाठवला होता, आणि ते त्याला अप्रतिम म्हणत होते! अप्पांना सांगायची छाती होईना. ते बिचारे कामगारांना सांगत फिरत होते, की आता शेड कोणाच्या बापाला विकत नाही. मी गुपचूप परदेशी चवीचा जाम बनवायला लागलो. साखर कमी केली, लिंबू वाढवलं, एकदा तर पेरूची चव घालवायची म्हणून पेरूच वगळला. अप्पांनी चमचा चाटून विचारलं, हे खायला आहे की लेबलं चिकटवायला?

शेवटी न राहवून जेवताना सगळं ओकलो. आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. म्हणाली, अरे मेल्या, भावोजींचा जाम तू दुसऱ्याच दिवशी बोटाने चाटूनपुसून संपवलास. एवढी चांगली बरणी टाकते की काय मी? धुऊन आपला जाम भरून ठेवला होता. आपल्या बरण्या गळत होत्या, म्हणून तीच पाठवली.

म्हणजे अप्रतिम आपलाच जाम, भावोजी! अप्पांचाच! मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. तर असं सगळं आनंदात आहे. ताईला प्रेम, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार (या खेपेला उभ्यानेच).

तुमचा,
नमुना

ता. क. व्यापाऱ्याच्या उत्तरात आणखी एक ओळ होती, ती मी आनंदाच्या भरात नीट वाचली नव्हती. ‘झाकण चवीहून सरस. सगळा माल याच झाकणात हवा, नाहीतर नको.’ असलं झाकण इथे बाजारात कुठेच मिळत नाही. तेवढं तिकडे कोण बनवतं, ते शोधून कळवाल का? बाकी काही नको.

ता. क. २. शोधू नका. तुम्ही आणलेल्या तसल्याच दुसऱ्या बरणीत आई बटणं ठेवते. तिने आत्ता तिचं झाकण उलटं करून दाखवलं. आत बारीक ठसा आहे : एक हातोडी आणि खाली आडनाव. तुमचंच आडनाव, भावोजी. काकांचा सगळा माल तिकडे जातो. इथे ते विकत नाहीत, कारण इथे त्याला डबडी म्हणतात. शिबिरातलं ते हाकेचं अंतर मला आत्ता जागेपणी कळलं. पण आमच्याकडून हाक कोण मारणार? तेव्हा तुम्हीच काकांना फोन करा. हात जोडतो.

ता. क. ३. अप्पांनी पत्र वाचलं. त्यांचा निरोप : झाकण चांगलं आहे, एवढंच काकांना कळवा, आणि मी म्हणालो असं अजिबात सांगू नका. हा निरोप त्यांनी मला भिंतीजवळ उभं राहून, ती खिडकी सताड उघडून, ओरडून सांगितला. पलीकडची ठोकठोक थांबली आहे.