उजव्या बुटाची चीर

दि. ४ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढायचं सोडत नाही. तू मजेत असशीलच. पेपरात हसरा फोटो पाहिला. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून कागद घेतला. आई म्हणाली, "अहवाल नका लिहू, पत्र लिहा."

अभिनंदन. फुटबॉल लीगमध्ये सर्वात जास्त गोल, एकवीस. तुझ्या मागची सतरावर अडकली. गल्लीत मला लोक थांबवून सांगतात, जणू मला माहीतच नाही.

फक्त एक. शेवटच्या पाच-सहा मॅचमध्ये सगळे गोल डाव्या पायाने. उजवा काय शोभेला ठेवलायस? चेंडू उजव्यावर आयता आलेला असताना तो डाव्यावर घेण्यात वेळ जातो, तेवढ्यात कुणीतरी आडवं येतं. मागच्या पत्रातही लिहिलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. कौतुकाच्या पत्रात असलं लिहू नये म्हणे. मग लिहायचं कुणी?

तुझा बूट क्लबच्या ड्रायव्हरने आणून दिला. दरवर्षी जिंकणारी स्वतः येते, बूट माझ्या हातात ठेवते, भट्टी बघते, चहा घेते. तू पिशवीतून धाडलास, सोबत चिठ्ठीही नाही. असो.

बक्षिसाचा हा सोनेरी बूट दुकानातून येत नाही, हे तुला सांगायला नको. शेवटच्या मॅचमध्ये घातलेला उजवा बूट घ्यायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यात मेण, मेणाच्या जागी पितळ, वर सोन्याचं पाणी. सुरकुती न सुरकुती उतरली पाहिजे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मुशी फोडून आणि हात भाजून शिकलोय. नियमही माझाच, की बूट जसा आला तसा ओतायचा, सुधारायचा नाही. मागल्या वर्षीच्या मुलीच्या टाचेला च्युइंगम चिकटलं होतं. तेही पितळेत उतरवलं. तिची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

यंदा मात्र नियम मोडला. तुझ्या बुटाला बाहेरच्या अंगाला, करंगळीपाशी, चीर गेलेली. लीगची पहिली खेळाडू आणि पायात फाटका बूट. लोक म्हणतील, ओताऱ्याच्या पोरीला वस्तू सांभाळता येत नाही. म्हणून मेणातच चीर बुजवली आणि सुरीने शिवण नव्याने आखली. जोड कुठे आहे ते तुलाही सापडणार नाही. इतकं सफाईदार काम या हातांनी आजवर केलेलं नाही.

समारंभ रविवारी. दुसऱ्या दिवशी मोठ्या क्लबशी तुझा तीन वर्षांचा करार, असं छापून आलंय. आम्हाला पेपरातूनच कळतं.

उजव्या पायाचा सराव कर.

तुझे बाबा

दि. ७ मे

चि. भिंगरी,

चार तारखेचं पत्र वाचलं असशील तर बाजूला ठेव. वाचलं नसशील तर फोडू नकोस.

इकडे ठीक. भट्टीच्या दोन विटा बदलल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी धुराची तक्रार केली, मी त्यांच्या कुत्र्याची केली. फिट्टंफाट.

काल तुझा बूट परत पाठवायला घेतला. फाटका कसा पाठवायचा, म्हणून कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हटलं, चीर गेलीय, शिवून दे. त्याने चीर बोटांनी फाकवून पाहिली.

"शेठ, हा फाटलेला नाही. कापलाय."

"कुणी कापला?"

"ज्याचा पाय त्यानं. ब्लेडनं, सरळ. कड कुठे विसकटलीय का बघा. पाय सुजला की बुटात मावत नाही, मग असं करतात. कुणाचाय?"

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचा."

"मग गिऱ्हाइकाला म्हणावं, बूट मागाहून शिवू, आधी पाय दाखव. आणि जमलं तर तुम्ही डोळे दाखवा. एवढं बारीक काम करता, आणि कापलेलं-फाटलेलं कळत नाही?"

माझ्याशी असं बोललेलं मी खपवून घेत नाही, तुला माहीत आहे. पण बूट उचलला आणि आलो. दुकानात येऊन पहिल्यांदा आत हात घातला. करंगळीच्या जागी कापसाची घडी चिकटली होती, वाळून कडक झालेली. चार दिवस तो बूट माझ्या हातात होता आणि मी फक्त बाहेरून बघत होतो.

आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. वळली नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली. "हाडाला तडा आहे. दुखणं मारायची सुई घेऊन खेळते. नव्या क्लबवाल्यांनी पळवून पाहिलं, त्या दिवशीही घेऊनच गेली होती. करार होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, म्हणालीय."

"मलाही?"

"तुम्हाला तर नाहीच. म्हणाली, बाबा विचारतील, मग डावा पाय उशिरा का पडला."



मग एक विचारतो. लपवायचंच होतं, तर हा बूट का पाठवलास? क्लबमध्ये बुटांना तोटा नाही. कुठलाही जुना धाडून दिला असतास तर मी तोच ओतला असता. मी टाका न टाका बघतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कदाचित मी माझ्या सोयीचं समजत असेन. पण तू हाच पाठवलास, आणि मी वर आणखी मेण फासून शिवण आखत बसलो. दुसऱ्या कुणाचा असता तर चीर तशीच राहिली असती. तुझा होता म्हणून बुजवली.

तो गुळगुळीत पितळी बूट काल वितळवायला मुशीत घातला. वरचं सोनंही गेलं, जाऊ दे. साचा शाबूत होता. नवं मेण ओतलं, चिरेला हात लावला नाही. पितळ आज सकाळी साच्यातून काढलं. चीर तशीच्या तशी उतरलीय, कापसाच्या फुगवट्यासकट.

लीगचे सेक्रेटरी सारखे फोन करताहेत. मी सांगतो, पितळ अजून गरम आहे. उद्याही तेच सांगणार. त्यांना कळत नाही, हे माझं नशीब.

रविवारी मंचावर तुझ्या नव्या क्लबची माणसं असणार. बूट जो हातात घेईल त्याला चीर दिसेल आणि तो विचारेल. म्हणून तुला न विचारता तो मी कुणाला देणार नाही. पाय तुझा, करारही तुझा. तू म्हणालीस तर पितळ भरून चीर बंद करीन, वर सोन्याचं पाणी चढवीन. मला ते आवडणार नाही, पण करीन. मात्र हे माझ्यासमोर बसून सांगायचं. आणि त्याआधी हाडाच्या डॉक्टरकडे जायचं, क्लबच्या नव्हे. मी बाहेर बाकावर बसेन. आत बोलावलंस तर येईन. कुठल्या पायाने काय मारलं, हा विषय काढणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. स्टेशनवर मी असेन. पिशवी मी उचलीन, नको म्हणू नकोस. बूट घालून येऊ नकोस, सैलशी चप्पल घाल.

लिहायचं होतं ते लिहून झालं असं वाटलं होतं. वाचून पाहिलं तर दोन्ही पत्रांत एक गोष्ट विचारायची राहूनच गेलीय.

खूप दुखतं का ग?

बाबा