जागा भरली आहे

५ नोव्हेंबर
घर आजपासून माझं! दोन मजले, वर जायला बाहेरून स्वतंत्र जिना. वर मी राहणार, खालचा मजला भाड्याने देणार. व्यवहाराच्या वेळी एकालाही सल्ल्याला बरोबर नेलं नव्हतं. वायरिंग, नळकाम, रंगकाम मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण भिंतीवर बोटांनी टकटक करून ओल कुठे आहे ते सांगतो, आणि अजून चुकलेलो नाही.

म्हातारी मालकीण किल्ल्या देण्याआधी घरभर फिरली आणि एकेका वस्तूची खोड सांगत गेली. खालचा नळ बंद झाला असं वाटल्यावर आणखी थोडा आवळायचा. वरच्या मागच्या खिडकीची कडी झडप जरा उचलून लावायची. मला ही पद्धत फार आवडली. माणसाने घर असंच सोपवावं. शेवटी फाटकाशी थांबून म्हणाली, एखाद्याला जागा द्यायची नसेल तर तोंडावर नाही म्हणा, चार शिव्या खा. पण रिकामी असताना भरली म्हणू नका, या घराला ते खरं वाटतं. मी हसलो. ती हसली नाही.

मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, या वयात भाडेकरूंची कटकट कशाला डोक्याला लावून घेता? नातीने फोन ओढून घेतला आणि आजोबा, जिन्याच्या कठड्यावरून घसरता येतं का, एवढंच विचारलं. येतं म्हणालो.

१२ नोव्हेंबर
खालच्या खोल्यांना रंगाचा दुसरा हात झाला. कोपरे मी ब्रशनेच मारतो, रोलर तिथे पोचत नाही. ‘जागा भाड्याने देणे आहे’ ही पाटीही स्वतःच रंगवली. ओळ केसभरही वाकडी नाही.

दलाल येऊन गेला. पाटी बघून म्हणाला, काका, माझ्या पोटावर पाय आणलात की! भला माणूस आहे, तोंड मात्र बंद होत नाही. नको ते गिऱ्हाईक आलं तर काय करायचं, हेही त्याने फुकटात शिकवलं. कारण सांगत बसायचं नाही, कारणाला उत्तर असतं. आजच भरली म्हणायचं आणि कडी लावायची. सगळे मालक तेच करतात म्हणे.

१५ नोव्हेंबर
संध्याकाळी बोचरं वारं सुटलं होतं. दाराशी एक माणूस आला. खांद्यावर शालीत गुंडाळलेली मुलगी, मागे पायरीवर गाठोडं घेऊन त्याची बायको. माणूस सभ्य वाटला. पाटीचं अक्षर छान आहे म्हणाला. पण पोरगी एकसारखी खोकत होती, आणि तो खोकला साधा नव्हता. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. उद्या आजारपण वाढलं, तर ना भाडं मागता येणार, ना जा म्हणता येणार.

आजच भरली, म्हणालो.

त्याने पाटीकडे पाहिलं. कोण येणार आहेत, असं विचारलं. मला अर्धवट सांगायची सवय नाही, खोटंसुद्धा. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी, म्हणालो. तो खरोखर बरं वाटल्यासारखा हसला. लहान मुलगी आहे ना, मग चांगलं झालं, म्हणाला. पोरीची शाल सारखी केली आणि तिघं फाटकाबाहेर गेली.

१७ नोव्हेंबर
दलालाकडून कळलं. बसथांब्याच्या आडोशाला कुणी कुटुंब थंडीत पडून होतं. पोरगी पहाटे गेली. मग आईवडिलांना इस्पितळात नेलं, पण ती दोघंही वाचली नाहीत. बऱ्याच घरांतून परत पाठवलं होतं म्हणे. शालीचा रंग विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

आज ब्रश हातात धरवला नाही.

२३ नोव्हेंबर
खालचे सगळे नळ बंद आहेत, मी स्वतः आवळले. तरी पाण्याच्या मीटरचा काटा फिरतो आहे. सबंध नळजोडणी तपासली. गळती नाही. न्हाणीघराची फरशी मात्र ओली होती, कुणी नुकतंच पाय धुऊन गेल्यासारखी.

२६ नोव्हेंबर
एक जोडपं जागा बघायला आलं. मी कुलूप काढलं. बाई उंबऱ्यातच थांबली, माफ करा म्हणाली आणि मागे सरली. तिचा नवरा माझ्यावरच चिडला. माणसं राहताहेत, पोरगी झोपली आहे, आणि तुम्ही न विचारता दार उघडता?

मी आत पाहिलं. रिकाम्या खोल्या. नवा रंग. खिडकीखाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, लहान हाताचा ठसा.

रंग मारून तो बुजवला. वाळला, तसा पुन्हा दिसू लागला. पाटी उतरवून ठेवली.

१ डिसेंबर
मुलीचा फोन. बोलताना दोनदा थांबली. जावयाने घर सोडायला सांगितलं आहे. बाबा, थोडे दिवस येऊ का, असं माझ्या मुलीने मला परक्यासारखं विचारलं. वेडी आहेस का, म्हणालो, खालचा मजला तुझाच आहे.

फोन ठेवला आणि मग काय बोललो ते लक्षात आलं. त्या दोघींना वर माझ्याजवळ ठेवावं का? पण वर एकच खोली. शिवाय मी, ज्याने उभ्या आयुष्यात भुताखेतांच्या गोष्टींना भीक घातली नाही, त्याने मुलीला काय कारण सांगायचं?

६ डिसेंबर
आल्या. नात कठड्यावरून घसरली, आपटली, हसली. घरात प्रथमच घरासारखा आवाज झाला. मुलगी म्हणाली, बाबा, रंग किती सुरेख लावलाय. मी तिच्याकडे न बघता नळाची खोड समजावून सांगितली.

९ डिसेंबर
नात सकाळी माझ्यावर रुसली. आजोबा, मला पलंग एकटीला का नाही दिला? ती दुसरी सगळं पांघरूण ओढून घेते. तिला फार थंडी वाजते.

१२ डिसेंबर
नात खोकते आहे. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, काही नाही. पण तो खोकला मी ओळखतो. दारात उभं राहून ऐकला आहे मी तो.

दोघींना वर आणलं. नात निजल्या निजल्या खाली जायचा हट्ट करते. माझी जागा तिथे आहे, म्हणते.

म्हातारीचा पत्ता काढून गेलो. अंथरुणाला खिळली आहे. मला बघताच तोंड फिरवून घेतलं. म्हणजे भरली म्हणालात, एवढंच बोलली.

१४ डिसेंबर
दुपारी तो, त्या पोरीचा बाप, फाटकाशी उभा होता. हात रिकामे. मी धावत गेलो. जागा रिकामी आहे, चुकलो, या, तिघंही या, सगळं म्हणालो.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पोरीला जागा मिळाली, म्हणाला, तुम्ही सांगितलंत तशी. फक्त एका अंथरुणात दोघी मावत नाहीत, साहेब. एकीला ते रिकामं करावं लागेल. आमची आता पुन्हा थंडीत जाणार नाही.

त्याची बायको पायरीवर बसून रडत होती. माझ्या नातीसाठी रडत होती.

१५ डिसेंबर
नात पेजही घेत नाही. मुलगी तिचे पाय चोळत बसली आहे. बाबा, तुम्हाला सगळं दुरुस्त करता येतं ना, म्हणाली.

पुन्हा खाली फाटकाशी गेलो. वरची घ्या म्हणालो. वर ऊन येतं, मागची खिडकी लावली की वारा नाही, तुमच्या पोरीला —

तो म्हणाला, तुम्ही राहता तिथे. रिकामी नसताना रिकामी म्हणू नका.

म्हणजे रिकामी हवी. खरी.

१६ डिसेंबर
माझे कपडे पिशवीत भरले. हत्यारांची पेटी मुलीसाठी ठेवली. दोघींना खाली नेऊन निजवलं. ब्रश धुऊन टांगला.

बसथांब्यावर त्यांची जागा मोकळी आहे. तिथे कुणीतरी —

मघापासून मला खोकला लागला आहे. आणि खालून नात खायला मागते आहे. स्पष्ट ऐकू आलं. मोठ्याने मागते आहे!

मुलीला काही सांगितलं नाही. ती अडवेल.

जिन्यावर पावलं. हळू चढताहेत. शालीतलं ओझं सांभाळत.

घर नीट सोपवायला हवं. दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे, जरा खाली आहे, पोरीचा हात पोचेल. गरम पाणी यायला वेळ लागतो, घाई करू नका. पलंग भिंतीपासून लांब सरकवला आहे, गार लागायला नको. मागच्या खिडकीची कडी झडप जरा उचलून लावायची, नाहीतर वारा सरळ पोरीच्या —