पट्ट्यावरचं ठिगळ

१४ नोव्हें., गुरुवार

गुरमेल आला होता. चहाला म्हणून आला, जेवून गेला. घर विकलं म्हणाला. लेकाकडे कॅनडाला चालला, कायमचा. डिसेंबर लागला की विमान. हॉस्पिटलच्या फोटो विभागात दोघांनी अख्खी नोकरी एका डार्करूममध्ये काढली, ऑपरेशनांचे नि गाठीगळवांचे फोटो धुतले, आणि आता हा निघाला. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

निघताना पिशवीतून एक चामड्याचा पट्टा काढला. ट्रंका रिकाम्या करताना सापडला म्हणे. "तेरी तोप के लिए." तोप म्हणजे माझी पक्ष्यांची लांबडी लेन्स. मानेच्या डॉक्टरनं गळ्यात ओझं अडकवायला बंदी केल्यापासून ती कपाटात पडून आहे. नायलॉनचे दोन पट्टे आणून बघितले, दोन्ही खांद्याला काचले. थंडीचे पाहुणे पक्षी सुखना तळ्यावर उतरलेत आणि मी घरात बसून वाटाणे सोलतोय.

पट्टा झकास. चांगला चार बोटं रुंद, जुना, दोन्ही टोकांना पितळी हूक. एका टोकाशी नवं कोरं ठिगळ. "मोची से पक्का करवा दिया," म्हणाला.

काहीतरी खटकलं. काय ते कळेना.

१५ नोव्हें., शुक्रवार

कळलं. दाढी करताना कळलं, गाल कापून घेतला.

आमच्या विभागात एक जुनापुराणा सिनेकॅमेरा होता, ऑपरेशनांची फिल्म काढायचा. लाकडी पेटी, दोन माणसांनी उचलायची, दोन्ही अंगांना दोन पट्टे. कॅमेरा भंगारात निघाला तेव्हा त्यातला एक पट्टा साहेबांना विचारून मी घेतला. दुसरा पेटीसोबत गेला असावा. असावा म्हणजे, मी जाताना बघितला नाही.

हा पट्टा त्याच पेटीचा. पितळी हुकाचा घाट तोच, कडेची दुहेरी रेघ तीच. आम्ही कोल्हापूरची माणसं, चामडं नाकानं ओळखतो. शै. म्हणाली (बायको दुसरं काय म्हणणार), तुमच्या नाकाला दूध नासलेलं कळत नाही.

माझा पट्टा माझ्या बॅगेबरोबर पिंजौरला गेला. म्हणजे चोरीला गेला. त्या वेळी गुरमेल बरोबर होता.

१७ नोव्हें., रविवार

काल काही लिहिलं नाही. डोक्यात तेच. आज सगळं नीट लिहून काढतो, नाहीतर झोप नाही.

आई आयुष्यात एकदाच चंडीगडला आली. अजिंक्य तेव्हा रांगत होता. पिंजौरची बाग दाखवायला गुरमेल आपल्या मावसभावाची गाडी घेऊन आला. आईनं भाकरी आणि खर्डा बांधून घेतला होता. गुरमेलनं खर्डा खाल्ला, नाकातून पाणी, तरी आणखी मागितला. आई हसून हसून बेजार. मी फोटो काढत सुटलो होतो. कारंज्यापाशी आई, नातवाला कडेवर घेतलेली आई, गुरमेलची पगडी निरखणारी आई. तेवढ्यात पट्ट्याचं टोक उसवलं. आईच्या बटव्यात वाकळेची सुई कायम असायची. हिरवळीवर बसून तिनं काळ्या दोऱ्यानं ते टोक शिवून दिलं. आई डावखुरी, तिचे टाके उलट्या बाजूला कललेले असत. शेजारी गुरमेल बसून बघत होता.

परत येताना पिंजौरच्या बाजारात चहा घेतला. बॅग डिकीत. घरी येऊन डिकी उघडली तर बॅग नाही. गुरमेल उलटपावली पिंजौरला गेला, हात हलवत आला. कॅमेरा गेला, त्याचं मला तितकं नव्हतं. रोल गेले. आई कोल्हापूरला परतली आणि महिनाभरात गेली. आमच्या भिंतीवर तिचा फोटो आहे तो कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा मांडवाच्या खांबामागे.

डिकीची किल्ली गुरमेलकडे होती. हे मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. आता मनातून जात नाही.

१८ नोव्हें., सोमवार

नवं ठिगळ बरोबर त्याच टोकावर आहे. आईनं शिवलं त्याच टोकावर. पाणी मुरतंय.

१९ नोव्हें., मंगळवार

शै.ला सांगितलं. तिनं आधी कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. मग म्हणाली, "अहो, चोर चोरीचा माल नेमका मालकालाच भेट देतो होय?"

मी म्हटलं, एकतर तो विसरला असेल. नाहीतर त्याला सांगायचंय आणि तोंडानं सांगवत नाही.

"नाहीतर तो दुसरा पट्टा असेल, पेटीचा. आयुष्यभर लोकांच्या मूळव्याधीचे फोटो काढलेत तुम्ही. तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो."

बोलली ते बरोबर. पण पेटीचा दुसरा पट्टा घेतला असता तर इतकी वर्षं एकदा तरी बोलला असता की नाही? दोघांचा एकच डबा असायचा. बायकोचं भांडणसुद्धा सांगायचा.

अजिंक्यला फोनवर विचारलं. मी मराठीत पाऊण तास, तो हिंदीत एक वाक्य. "पापा, सीधे पूछ लो ना यार." बंगळुरूत बसून सोपं आहे.

२० नोव्हें., बुधवार

पट्टा वापरायचा तर आधी परीक्षा. बाल्कनीच्या गजाला अडकवून खाली दहा किलो आट्याचं पोतं टांगलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ठिगळाचा टाका हलला नाही. मोच्यानं काम चोख केलंय. इतकं चोख कशाला करून घेतलं, हा आणखी एक प्रश्न. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या, भाईसाब, पक्षियों के लिए है?

भिंग घेऊन ठिगळाची कड तपासली. आत जुनी भोकं असतील तर वरून दिसणार नाहीत. मोच्याची भोकं ओळीत असतात. आईची तिरकी. ठिगळ उचकटलं तर क्षणात निकाल. पण उचकटलं की त्या टोकात जीव उरणार नाही. चामडं तिथं पापडासारखं झालंय, भार सगळा ठिगळावर आहे. म्हणजे पट्टा ओळखायचा की वापरायचा, दोन्हीतलं एकच.

२४ नोव्हें., रविवार

सुखना. गुरमेलबरोबर, बहुधा शेवटचं. धुकं होतं, उशिरा फिटलं.

पट्टा तिरका घातला, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी. कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या खाली धातूचा पाय असतो त्याला हूक. ओझं पाठीवर पसरतं, मानेला समजतही नाही. वर खबरदारी म्हणून शै.च्या परकराची नाडी लेन्स ते माझा बेल्ट अशी बांधली होती. गुरमेल त्यावर बांधाच्या टोकापर्यंत हसला. चक्रवाकांची जोडी मिळाली, उजेड पाठीमागून. किती दिवसांनी बोट बटणावर ठेवलं. सुख वाटलं, आणि ते त्याच्यामुळं वाटलं म्हणून राग आला.

सहज विचारल्यासारखं विचारलं, पट्टा कुठला रे. म्हणाला, आठवत नाही, बिजीच्या ट्रंकेत खाली होता. बिजी म्हणजे त्याची आई, जाऊनही वर्षं झाली. पट्टा आईच्या ट्रंकेत कसा गेला? म्हणाला, घरात पुरुषांनी टाकलेलं सगळं बिजीच उचलून ठेवायची.

मग आपणहून म्हणाला, "तेरी माताजी की वो हरी मिर्ची, यार. आज तक जीभ पे है."

मी पट्ट्याचं विचारतो आणि याला पिंजौरचा खर्डा आठवतो. खाई त्याला खवखवे. का सहज आठवला? दोघांच्या आयांचा विषय निघाला म्हणून? चेहऱ्याकडे बघितलं. दाढीत काही दिसत नाही.

२८ नोव्हें., गुरुवार

शै. भाजीला गेली होती. ऑपरेशनच्या चाकूची जुनी पाती आहेत माझ्याकडे, त्यातलं एक घेतलं. ठिगळाचा कडेचा एक टाका कापला. एकच. आत अंधार आणि मेणाचा वास. आणखी दोन कापले असते तर दिसलं असतं.

हात थांबला. समजा आईचे टाके निघाले. मग काय करणार? विमानतळावर जाऊन म्हाताऱ्याची गचांडी धरणार? आणि समजा नाही निघाले, तर ज्यानं मला पुन्हा तळ्यावर नेलं त्या माणसाची भेटवस्तू मी स्वतःच्या हातानं मोडली.

पण रोल. रोल त्यानं धुतले असतील तर? धुण्यात तो माझ्यापेक्षा बरा होता. आईचा चेहरा कुठल्यातरी ट्रंकेत असेल आणि ती ट्रंक या आठवड्यात भंगारवाल्याकडे जाईल.

शै. आली. पातं खणात टाकलं. तिनं बघितलं आणि भाजी निवडायला बसली.

१ डिसें., रविवार

गुरमेलकडे निरोपाला. घरात दोन बॅगा आणि एक खाट. ट्रंका गेल्या. सगळ्या? सगळ्या, म्हणाला. कालच. आत काय काय होतं विचारलं तर म्हणाला, कागद, रजया, कचरा.

मी मुद्दाम पट्टा घालून गेलो होतो, लेन्स लावून. खाटेवर बसवून त्याचा फोटो काढला. इतक्या जवळून त्या लेन्समध्ये नाकाशिवाय काही मावेना, म्हणून पार गेटापर्यंत मागं जावं लागलं. सुनेला दाखवायला पगडी नीट बांधली होती त्यानं.

मग मिठी मारली. रडला. मीही. मिठी सोडताना त्याचा हात पट्ट्यावरून खाली आला, ठिगळावर. अंगठा कडेनं फिरला आणि मी कापलेल्या टाक्यापाशी थांबला. तिथंच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"टाँका मत खोलना, मराठे. फिर वज़न नहीं उठाएगा."

मला तेव्हा विचारायचं होतं. पिंजौर, एवढा एकच शब्द पुरला असता. शेजारी शै. उभी होती, टॅक्सीवाल्याचा फोन येत होता, त्याचे डोळे गळत होते. मी म्हटलं, पोचलास की कळव.

परत येताना गाडीत शै.ला विचारलं, टाका कापल्याचं तू त्याला सांगितलंस? देवाशपथ नाही म्हणाली. मग म्हणाली, जन्मभर बारीक काम केलेला माणूस आहे, बोटाला कळलं असेल. सल्ला दिला बिचाऱ्यानं. असेल. सल्लाच असेल. असं बघायला गेलं तर कुठलाही मोची हेच सांगेल.

मग हात तिथंच का थांबला?

३ डिसें., मंगळवार

पोचल्याचा मेसेज. बर्फाचा फोटो, वाकडा आणि जास्त उजेडाचा. डार्करूममध्ये असा फोटो आणला असता तर मी फाडला असता. खाली विचारलंय, पट्टा कैसा है. अजून उत्तर दिलं नाही.

सकाळी एकटा तळ्यावर गेलो. नाडी बांधली नव्हती. बांधावर सारखा अंगठा ठिगळावर जात होता, दाढ दुखायला लागली की जीभ जाते तसा. चक्रवाक लांब होते. पट्ट्यानं ओझं धरलं.

घरी आलो तर शै.नं सुईत जाड दोरा ओवून ठेवलेला. एक टाका सुटलाय तो आज ना उद्या बाकीचे सोडवेल, आणा, शिवून देते म्हणाली. मी खणाकडे बघितलं. पातं तिथंच होतं, तिनं हलवलेलं नाही.

मी म्हटलं, राहू दे.

"काय राहू दे? शिवायचं, का उसवायचं?"

सुई हातात धरून ती वाट बघत होती. मी पट्टा मांडीवर घेतला आणि लेन्स पुसत बसलो.