गुलमोहराच्या बिया आणि चाळीस कोंबड्या

२ मार्च
पशुपोषणातली पदवी घेऊन आठ महिने झाले. आज तिचा उपयोग सुरू. गुलमोहराच्या बिया दिवसभर भिजवल्या, उकळल्या, पाणी फेकलं, वाळवून भाजल्या, दळल्या. खाद्यातल्या सोयाबीनऐवजी हे पीठ. बाबांनी शेडमधल्या सहाशेपैकी चाळीस कोंबड्या ट्रायलसाठी वेगळ्या करून दिल्या. म्हणाले, सायंटिस्ट, महिनाभर बघतो. अंडी टिकली तर सगळी शेड तुझ्या ताब्यात, नाहीतर विकून मोकळा होतो, माझी कंबर आता ऐकत नाही.
टिकतील.

५ मार्च
अंडी १९. कोंबड्या फीडरकडे पाठ करून उभ्या. सवयीचा प्रश्न.

९ मार्च, सकाळी ७
अंडी ११. एक कोंबडी फीडरमध्ये चढून पीठ बाहेर उडवत होती. खेळकरपणा हे तब्येतीचं लक्षण. आई म्हणाली, अगं, उपाशी आहेत त्या. मी म्हटलं, पुरावा दे.
आजपासून कोणावरही आवाज चढवायचा नाही, असं ठरवलं.

९ मार्च, दुपारी
चढवला. जेवले नाही. आई दोनदा दारात येऊन गेली.

१५ मार्च
अंडी ३४! फीडरमध्ये ४४०० ग्रॅम घातलं होतं, ३५२० उरलं. म्हणजे पाचवा हिस्सा खाऊन पूर्ण अंडी. वजनकाटा दोनदा तपासला. काटा बरोबर आहे. इतकं पौष्टिक खाद्य कोणाच्याच हाती लागलेलं नसावं.

२१ मार्च
अंडी ३५. हल्ली पहाटे अंडी गोळा करायला आईच जाते, झाकणाची बादली घेऊन. जाताना खांदा झुकलेला, येताना सरळ. चालणं तिला मानवलंय. कोंबड्याही तिला पाहून धावतात. माझ्याकडे येत नाहीत. पोट भरलेलं असतं.

३ एप्रिल
बाबांनी ग्राफ चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. म्हणाले, कर बाई. उद्यापासून सहाशेही माझ्या खाद्यावर, पाचव्या हिश्श्याच्या मापाने. जुन्या खाद्याची पोती परत पाठवली. आई म्हणाली, दोन तरी राहू दे. मी म्हटलं, ट्रायलच्या शिस्तीत बसत नाही. तिला आणखी काही सांगायचं होतं. मी तिलाही ग्राफ दाखवला. छान आहे म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

७ एप्रिल
सहाशेत अंडी २१२. जुळवून घेण्याचा काळ. पहिल्या चाळीस मात्र तयार झालेल्या, त्यांचीही ८. उकाडा असेल.

१० एप्रिल
अंडी ४१. पिसं झडताहेत. बाबांनी व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते. मी बाबांकडे चार दिवस मागितले. ते म्हणाले, कोंबड्यांकडे माग.

१२ एप्रिल, सकाळी ८
अंडी ९. ट्रक येऊन सगळ्या कोंबड्या घेऊन गेला. शेडचं गिऱ्हाईक परवा येणार. बाबा रिकामे फीडर धूत होते, उभं राहूनच, वाकता येत नाही म्हणून.
आई पायरीवर बादली घेऊन बसली होती. म्हणाली, तुझं तोंड बघवत नव्हतं गं. चाळीस होत्या तोवर जमलं, सहाशेंना कुठून पुरवू? मी विचारलं, काय? तिने झाकण काढलं. तळाशी जुन्या खाद्याचा चुरा होता.
तोलला. ६२ ग्रॅम. कुठल्या रकान्यात लिहू?