एकाच पेटीतले ट्राउट

सर,

काल इथे आखातात, जबल अली बंदराच्या कोल्ड स्टोअरमध्ये तुमची आठवण आली. रोज येते असं खोटं लिहीत नाही. तुम्हाला ते खपलं नसतं. झालं असं, की पार दक्षिणेकडच्या एका बेटावरून ट्राउटच्या पेट्या आल्या. लेबलवर जात एकच, पण उघडलं तर निम्मे मासे तपकिरी, ठिपकेवाले, लहान. निम्मे लख्ख चंदेरी आणि चांगले दुप्पट. आमचा मल्याळी स्टोअरकीपर म्हणाला, "साब, दो माल मिक्स है. रिजेक्ट मारो, खलास." मालाची तपासणी माझ्याकडे, सही माझी. मी पेन उघडलंसुद्धा होतं.

आणि मी रत्नागिरीच्या तुमच्या लॅबमध्ये उभा आहे. फॉर्मलिननं डोळे चुरचुरताहेत. रंग वेगळा दिसला म्हणून मी एकाच जातीच्या दोन माशांना दोन नावं दिली आहेत, आणि तुम्ही जर्नल माझ्या अंगावर भिरकावता. "रंग काय बघतोस, गाढवा? खवला काढ, खवला!" मग जेवायची सुट्टी बुडवून तुम्हीच तासभर मायक्रोस्कोपवर खवल्यावरची वलयं मोजायला शिकवता. डबा तसाच राहिला होता तुमचा.

तर काल खवले काढले. दोन्हींची आतली वलयं दाटीवाटीची, म्हणजे बालपण नदीत. तपकिरी माशाची शेवटपर्यंत तशीच. चंदेरीची मात्र मध्येच एकदम रुंद होत गेलेली: समुद्र, भरपूर खाणं. मासा एकच, सर. कोणीतरी युरोपातून त्याची अंडी नेऊन त्या नद्यांत सोडली. पुढच्या पिढ्यांतले काही नदीतच राहिले, काही आपणहून समुद्रात उतरले, आणि अंडी घालायला परत त्याच नद्यांत येतात. माल पास केला.

घरी हे लेकीला सांगितलं. ती इथेच जन्मलेली. म्हणाली, "बट बाबा, दॅट्स नॉट इव्हन देअर रिव्हर." मी म्हटलं, जेव आधी.

तुम्हाला मी तुमच्या जागी हवा होतो. "दोन वर्षं काय ती हौस फेडून घे आणि ये, माझ्यानंतर ही लॅब तू सांभाळायचीस," असं निघताना बजावलं होतंत. लॅबमध्ये एक जागा निघाली तेव्हा जाहिरातीचं कात्रण पोस्टानं पाठवलंत. मुलाखतीच्या यादीत माझं नाव नाही म्हटल्यावर दुखरा गुडघा घेऊन तीनदा ऑफिसचे जिने चढलात, आणि तिथल्या क्लार्कला चारचौघांत वाट्टेल ते बोललात. मला फोन केलात: "तुझा अर्ज हरवला रे त्या नालायकानं!" मी म्हणालो, "जाऊ दे सर, तिथे असंच चालायचं." किती सहज म्हणालो! जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्या माणसाशी बोलला नाहीत, हे मला नंतर इतरांकडून कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा तो माणूससुद्धा स्मशानात आला होता म्हणे. मी आलो नाही. रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मागितलीच नव्हती.

मला इथेच राहायचं होतं, सर, आणि तुमच्यासमोर ते म्हणायची छाती झाली नाही. त्या क्लार्कनं काही हरवलं नव्हतं. अर्ज मी केलाच नव्हता.