कळ्ळीला घातलेलं पाणी

१० नोव्हेंबर १९७८
सुनंदा आज माहेरी गेली बाळंतपणाला. व्याही जतहून न्यायला आलेले. जेवताना निम्मा वेळ आमच्या विहिरीचं कौतुक. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
निघताना सुनंदा दारात थांबली. "आत्ती, एक सांगू? कळ्ळीला पाणी घालू नका हां."
कळ्ळी म्हणजे तो निवडुंग. त्यांच्याकडं कानडी शेजार, म्हणून कळ्ळी. लग्नात व्याह्यांनी एस्टीच्या टपावर घालून आणला, गोणपाटात गुंडाळून. पुरुषभर उंच, मांडीएवढा जाड, खांबागत सरळ. लोकं लेकीबरोबर भांडी देतात, ह्यांनी काट्याचा खांब दिला. "आमच्या दारातला हाय, पोरीला करमंल," म्हणाले. मी सगळ्यांदेखत हसले होते. आता वळचणीला टेकलाय.
पाणी घालू नका म्हणे. मला सांगते! माझं लग्न झाल्यापासनं मी कुठलं झाड तहानेनं मारलं न्हाई.

२१ नोव्हेंबर
ऊसतोड चालू. पाठ मोडली. वही आठ-दहा दिवस उघडलीच न्हाई. शिवा रजेवर आला की विचारील, आई लिहितीस का. पोरगं मिल्ट्रीत गेलं आणि आईचा मास्तर झालं. चौथी झाले त्याला तीस वर्षं झाली, जोडाक्षर आलं की घाम फुटतो.
शेजारची पारू ताक न्यायला आली. म्हणाली, "सुनेचं झाड बारीक झालं की गं. ती गेली आन् ह्यानं जीव धरला न्हाई."
जाऊन बघितलं. खांबाचे कंगोरे आत बसल्यासारखे. तिचे आईबाप म्हणतील, बाई पाणीवाली पण पोरीच्या झाडाला घोट दिला न्हाई.
घातल्या घागरी.

२९ नोव्हेंबर
फुगलं! कंगोरे कसे भरले. माझंच खरं.
ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "सूनबाई नको म्हणाली व्हती न्हवं?"
"तिला काय कळतंय? तिकडं पाणीच न्हाई, मग नको म्हणणारच."
ह्यांनी विडी काढली. मिल्ट्रीतनं आल्यापासनं ह्यांचं असंच. बोलायच्या वेळी विडी पेटवतात.

१४ डिसेंबर
आळं केलं, उसाला करतो तसं गोल, काठ थापून. पाळीचं पाणी आलं की परसातला पाट फोडते, आळं आपोआप भरतं. उसासाठी आणलेल्या पोत्यातला ओंजळभर युरिया पण टाकला.
हे म्हणाले, "आमाला फौजेत एवढं पाणी मिळालं न्हाई."

७ जानेवारी १९७९
शेंड्याला नवा कोंब, हातभर. पोपटी, काटे पण मऊ. पारूला बोलावून दाखवला.
"अगं बया! हे तर उसागत वाढतंय."
"मग? दुष्काळातनं आलं, आमच्या मातीला लागलं. सुनेसारखंच. आली तवा कशी व्हती, जाताना गाल कसे भरले व्हते."
पारू हसली. मी पण. लय हसलो.
जतचा एक बोकडवाला गाडीसाठी फाट्यावर उभा होता, त्याच्याजवळ निरोप धाडला. सुनंदाला म्हणावं, तुझी कळ्ळी घराच्या वर गेली.

२५ जानेवारी
बुडाला पिवळं पडलंय. पाणी कमी पडत असणार, वरचा कोंब सगळं ओढतोय. ह्या पाळीला जादा सोडलं.

३ फेब्रुवारी
बुडाला बोट लावलं, बोट आत गेलं.
वास पण येतोय. ह्यांना सांगितलं न्हाई. आळ्यावर उसाचं पाचट टाकलं, दिसू नये म्हणून.

९ फेब्रुवारी
पडलं.
पहाटे गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन. म्हैस दावं तोडून अंगणात. बाहेर येऊन बघते तर बुडातनं काळा चिखल आणि खांब आडवा. हातात धरला तर सालपट सुटून आलं, आत लगदा. नाक धरावं असा वास.
पारू कुंपणावरनं, "काय झालं गं?"
"वारं आलं."
वारं कुठलं? चुलीचा धूर पण सरळ वर चालला होता. हे माझ्याकडं बघत उभे. मी बघितलं न्हाई त्यांच्याकडं.
शेंडा पत्र्यावर अडकला होता, तोडून तिथंच भिरकावला. बाकीचं उकिरड्यात. हातात काटे मोडले, सुईनं काढत बसले दिवसभर.

११ फेब्रुवारी
सुनंदाचे चुलते आले, बर्फीचा पुडा घेऊन. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत.
ऐकून आधी बरं वाटलं. मग चुलत्यांनी परसात हात धुताना बघितलं. "कळ्ळी कुठाय?"
"वाऱ्यानं गेली."
"अस्सं." मान हलवली. "ती पोर रोज विचारती बघा. कसं सांगायचं आता?"
बर्फी वाटायला मीच गेले. पारूनं तुकडा तोंडात टाकला. "झाड पडलं आन् पोरगी झाली. दोन दिवसांत दोन्ही. तुला काय कळंना व्हय गं? मुळातच कुजकं व्हतं ते. असलं घरात आणतात का कुणी?"
आणखी दोघी होत्या, त्यांनी पण माना हलवल्या.
मी काय म्हणायला पाहिजे होतं ते मला तिथंच कळलं होतं. तोंडात बर्फी होती म्हणावं तर ते पण खोटं. मी पुडा बांधला आणि पुढच्या घरी गेले.

२ मार्च
आता सगळी गल्ली तेच बोलती. सुनेच्या पायगुणाचं झाड. आज दळपाच्या गिरणीत एक म्हातारी विचारत होती, पुढच्या खेपेला देवऋषाला दाखवणार का. मी पिठाचा डबा उचलला आणि आले. नाव तिचं खराब व्हायला लागलंय, पाणी माझं होतं.
ह्यांना म्हटलं, लोकं काय पण बोलतात.
"लोकांना कुणी सांगितलंच न्हाई तर बोलणारच." विडी.

१६ मार्च
मलकापूरला चुलतबहिणीकडं गेले होते, कामाचं निमित्त काढून. तिथं एका बंगल्यात अगदी तसलाच निवडुंग हाय, तिनं मागं सांगितलेलं. म्हटलं, तुकडा मिळाला तर आणून तिथंच रोवीन, सुनंदाला काय कळतंय.
बंगल्यातली बाई दारातच. "कशाला पाहिजे?"
काय सांगणार? म्हटलं, दृष्टीला बांधायला.
तिनं कोयता आणायला सांगितला गड्याला. तेवढ्यात माझं मन फिरलं. सुनंदानं त्या झाडाखाली बसून शेंगा फोडल्या, केस वाळवले. तिला कळणार न्हाई तर कुणाला? आणि एका खोट्यावर दुसरं किती उभं करायचं. नको म्हणून निघाले. बाई मागनं हसली, वेडी म्हणून. म्हणू दे.

१९ एप्रिल
आली सुनंदा. व्याही घेऊन आले. पोरगी लय गोड, नाक शिवाचं. भाकरतुकडा ओवाळला, आत घेतलं. बायका जमल्याच होत्या.
सुनंदा पोरीला माझ्या मांडीवर देऊन पहिली परसात गेली. परत आली आणि दाराआड जाऊन उभी राहिली.
पारूला गप्प राहवतंय का! सगळ्यांदेखत, व्याही ओसरीत बसलेत हे बघून बोलली. "बरं झालं गेलं ते झाड. मुळातनंच कुजकं व्हतं. आता बघा, पुढचा मुलगाच."
ओसरीत ऐकू गेलं. व्याही उठून दारात आले, हात जोडले. मला!
"चुकलं ईनबाई. आमच्याकडचं हलकं वाण. तुमच्या काळ्या मातीत उभं राहाया पायजे व्हतं, न्हाई राहिलं. पोरीला बोल लागला. पुन्यांदा असलं काय आणायचो न्हाई."
एवढा मोठा माणूस, मेंढरं राखून उन्हानं काळा पडलेला, माझ्यापुढं हात जोडून.
मी म्हणाले, "असू दे हो. चहा घ्या."
चहा घ्या!! हेच सुचलं मला. सुनंदा दाराआड उभी होती. तिनं बापाचे जोडलेले हात बघितले.
जेवले नीट न्हाईत. दुपारच्या गाडीनं गेले.

२० एप्रिल
पोरगी रडली की घेते. सुनंदाच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

२४ एप्रिल
सुनंदा परसात उकिडवी बसलेली. पाचट बाजूला सारलं होतं तिनं. आळ्याचा काठ तसाच, हिरवं शेवाळ धरलेला.
"आत्ती, हे आळं कुणी केलं?"
"मी."
"पाणी?"
"पाळीचं सोडत व्हते." मग म्हटलं, सांगायचंच तर सगळं. "युरिया पण."
वाटलं ओरडंल. मी तिच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती मातीकडं बघत राहिली.
"मी नको म्हणाले व्हते."
"व्हय."
"वारं आलं न्हवतं."
"न्हाई."
मी म्हटलं, चुकलं माझं. आयुष्यात सुनेला म्हणाले न्हवते, शिवाला पण न्हाई. 
तिनं पदर खोचला, उठली. "मला नका सांगू आत्ती. माझ्या बाबांनी हात जोडले. त्यांना सांगा." आणि आत गेली पोरीकडं.

२५ एप्रिल
आधी पारूला सांगितलं. कुंपणावरनं, जोरात, पलीकडच्या दोघींना पण ऐकू जाईल असं. झाड मी मारलं, पाणी घालून. पोरीचा आन् सुनेचा काय संबंध न्हाई.
पारू म्हणाली, "सुनेनं तुला काय खायला घातलं का गं?"
हे हसले. बऱ्याच महिन्यांनी.

३० एप्रिल
सुनंदानं पत्र्यावर बघितलं. मी फेब्रुवारीत भिरकावलेला शेंडा तिथंच पडलेला. एवढ्या उन्हात, थेंब पाणी न्हाई, आणि हिरवा! सुरकुतलाय, पण हिरवा. तुटलेलं बूड वाळून टणक झालंय. तिनं शिडी लावून स्वतः काढला, फुटक्या पाटीत वाळू भरून रोवला. मला धरायला पण सांगितलं न्हाई.
संध्याकाळी तांब्या घेऊन मी कवा पाटीपाशी गेले मला कळलं न्हाई. हात सवयीचा. तसाच ओतला तुळशीत.
"जगंल का?" मी विचारलं.
"काय म्हाईत." एवढंच.

६ मे
हे म्हणाले, मी जाऊन येतो जतला. म्हटलं नको. तुमी विडी पेटवाल आणि परत याल.
उद्या मीच.

७ मे
जतच्या पुढं, व्याह्यांचं गाव. हे त्यांच्या ओसरीत बसून लिहितेय, विहीणबाई भाकरी थापतायत.
सांगलीत गाडी बदलली. जत गेल्यावर दोन्ही बाजूनं नुसतं माळरान. फाट्यावर बायका घागरी घेऊन रस्त्यात बसलेल्या. मला वाटलं मोर्चा हाय. कंडक्टर म्हणाला, "टँकरची वाट बघतायत, मावशी. काल आला न्हाई."
दारात ते झाड. आईच म्हणायची आमच्या झाडाची. दोन पुरुष उंच, पाच-सहा फांद्या, बुडाला कोरडी फुपाट माती. आळं न्हाई की काय न्हाई. बघत उभी राहिले.
विहीणबाई पाणी घेऊन आल्या, पायावर घालायला. भरला तांब्या.
मी पाय मागं घेतले. "नको नको. राहू द्या."
"आसं कसं? पावनं हाय तुमी. पहिल्यांदा आलाय."
"आवं नको. पाणी न्हाई तुमच्याकडं."
"पावन्यापुरतं आसतंय की." बळंच ओतलं. पायावरनं गेलेलं पाणी खाली लोखंडी पाटीत धरलं त्यांनी, थेंब वाया न घालवता, आणि शेरडापुढं नेऊन ठेवलं. सगळं प्यालं ते.
माझे पाय अजून ओले हायत. वाळू नयेत असं वाटतंय, आणि लवकर वाळावेत असं पण.
व्याही मेंढरं घेऊन गेलेत. दिवस मावळताना येतात म्हणे. काय बोलायचं ते गाडीत सगळं जुळवलं होतं, आता एक शब्द आठवंना. हात तेवढे जोडायचे, ते आधी माझे. त्यांना जोडू द्यायचे न्हाईत.
घंटा वाजतायत मेंढरांच्या. धूळ दिसतीय. विहीणबाई म्हणतायत, "आले बघा."