फॉर्मवरचं ‘नाही’

बोरीवली,
३ फेब्रुवारी २०२५

चि. जयास,
अ. उ. आ.

फोन करत नाही, कारण तुझा फोन हल्ली तुझ्या लेकीच्या, पूर्वीच्या, पर्समध्ये असतो आणि ती सगळ्यांशी स्पीकर लावून बोलते. नितेश ऑफिसला जाताना वाट वाकडी करून भांडुपला डबा देईल, त्याच पिशवीत हे पत्र. माझा मुलगा दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही. स्वतःची बिलंही वाचत नाही. डब्यात नाचणीची पेज आहे, गाळून घेतलेली. चार चमचे तरी पोटात जाऊ दे.

आज माझं डोकं फिरलंय. हॉस्पिटलातल्या त्या डॉ. विनिताचा सकाळी फोन आला. वय पूर्वीएवढंच असेल. मला विचारते, तुमच्या बहिणीला याआधी कधी स्तनात गाठ होती का? मी म्हटलं, बाई, गाठ पोटात आहे, तुम्ही कुठे शोधताय? तर म्हणाली, पोटातून काढलेल्या तुकड्यात हार्मोनचे रिसेप्टर सापडलेत. म्हणजे काय, ते तिने मला दोनदा समजावलं. पेशींमध्ये काही जागा असतात, तिथे बाईच्या शरीरातलं हार्मोन येऊन बसतं आणि पेशीला वाढायला सांगतं. पोटाच्या कॅन्सरमध्येही ते कधीकधी दिसतात, तिथे ते नेमकं काय करतात हे अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुझ्या तुकड्यात ते फार ठळक आहेत, पेशींची ठेवणही वेगळी आहे, तेव्हा ही गाठ मुळात पोटातली नसेलही, असं तिचं म्हणणं. तसं असेल तर पोट काढण्यात अर्थ नाही म्हणे. वर मॅमोग्राफी करायला सांगते.

मी तिला सुनावलं की जयाचा फॉर्म मी भरलाय, माझ्या अक्षरात. ‘यापूर्वीचे गंभीर आजार’ पुढे मी ‘नाही’ लिहिलंय. २०१२ साली गर्भाशयाची पिशवी काढली, एवढंच. बहिणीचं मला माहीत नसेल तर कोणाला असणार? उगाच तुला आणखी एका यंत्रात घालू देणार नाही. तू फक्त ‘नाही’ असं दोन ओळींत लिहून नितेशकडे दे. तो कागद मी तिच्या टेबलावर ठेवते आणि चौदा तारखेचं ऑपरेशन वेळेवर होऊ दे.

लोभ आहेच. पचेल तेवढा घे.

तुझी,
ताई

~

भांडुप,
५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेज गेली. सहा चमचे.

ताई, ‘नाही’ लिहून देता येत नाही.

२०१२च्या मे महिन्यात तुझ्याकडे श्वेता सांगून आली होती, नितेशसाठी. बरोबर तिची आई नलिनीबाई होत्या. त्या गेल्यावर तू म्हणालीस, मुलगी सोन्यासारखी आहे, पण आईच्या छातीत ते निघालं होतं, असलं रक्त घरात आणायचं नाही. मी तेव्हा तुझ्या मोरीपाशी कपबशा विसळत होते. माझी गाठ माझ्या हाताला आठ दिवसांपूर्वीच लागली होती. पूर्वी एकवीस वर्षांची होती. मला वाटलं, सख्खी बहीण असं म्हणते, तर परकी माणसं माझ्या पोरीला काय म्हणतील.

पिशवी काढलीच नाही. ह्यांनी मला कोल्हापूरला त्यांच्या बहिणीकडे नेलं. गाठ काढली, मग रेडिएशनचे शेक दिले. गोळ्या पाच वर्षं घ्यायच्या होत्या. कॅल्शियमच्या डबीत ठेवायची. तू एकदा डबी उघडून वास घेतलास, आठवतं? तुला सगळ्यांच्या पिशव्या उघडायची सवय. दोन वर्षं घेतल्या. हे गेल्यावर आणायला कोणाला सांगणार, म्हणून सोडल्या.

हॉस्पिटलात डॉक्टर माझ्याकडे बघून विचारत होत्या. मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर दिलंस. मला जरा बरंच वाटलं.

पूर्वीला यातलं काही माहीत नाही. रागाव, पण पत्रातच रागाव.

तुझी,
जया

~

बोरीवली,
६ फेब्रुवारी

चि. जयास,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी तुझं पत्र वाचलं. गॅसवर दूध होतं, ते उतू जाताना मी समोर उभी राहून बघत होते. नितेशने येऊन गॅस बंद केला.

मी तुला कोल्हापूरला डिंकाचे लाडू पाठवले होते, पिशवी काढलेल्या बाईला ताकद यावी म्हणून. तू ते खाल्लेस आणि छान झालेत म्हणून कळवलंस. तेरा वर्षं मी आख्ख्या सोसायटीला तुझ्या पिशवीची गोष्ट सांगत आले. तू मूर्ख आहेस, जया. तुझे हे माणूस म्हणून चांगले होते, पण तेही मूर्ख.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. कपबशांचं आठवत बसले. मी ते बोलले होते. शब्द अगदी तेच होते.

बाबांनी मला नन्सच्या शाळेत घातलं, तुला नगरपालिकेच्या. सिस्टर प्रश्न विचारायच्या आणि पहिला हात माझा वर. उत्तर माहीत नसलं तरी. पासष्टी उलटली तरी तो हात खाली आलेला नाही.

आज सकाळी हॉस्पिटलात गेले. फॉर्म मागून घेतला, ‘नाही’ खोडलं, बाजूला सही केली आणि तुझं सगळं लिहिलं. विनिताने वाचलं आणि मला पाण्याचा ग्लास दिला. ऑपरेशन तूर्त थांबवलंय. कोल्हापूरचे कागद असतील तर नितेशकडे दे. उद्या अकराला मॅमोग्राफी. मी येते, पण बाहेर बसेन.

राग आहे, लोभही आहे. कोणता किती, ते मला आज विचारू नकोस.

ताई

~

भांडुप,
१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद ह्यांच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात होते, ते नितेशने पोचवले. काल डॉ. विनितांनी मला एकटीला सांगितलं. जुन्या गाठीचे रिसेप्टर आणि पोटातले जुळले. हे तिथूनच आलंय, इतकी वर्षं गप्प बसून. आता पोट काढणार नाहीत. पुन्हा गोळ्या, बरोबर आणखी एक औषध. पुरती बरी होईन असं त्या म्हणाल्या नाहीत. आवरून धरता येईल म्हणाल्या, कदाचित बरीच वर्षं. पोट राहिलं, ताई. तुझी पेज आता फुकट जाणार नाही.

पूर्वीला मी सांगितलं की ब्लडप्रेशरमुळे ऑपरेशन पुढे गेलंय. पण डॉक्टर म्हणतात तिला कळायला हवं, तिनेही तपासून घ्यायला हवं. सोमवारी तिला घेऊन या म्हणाल्यात. माझ्याने बोलवणार नाही. तुझी जीभ चालते. तूच सांग.

तुझी,
जया

~

बोरीवली,
१४ फेब्रुवारी

चि. जयास,
अ. उ. आ.

आज तुझं पोट काढायचा दिवस होता. त्याऐवजी मी सकाळी नॅशनल पार्कात गेले. नलिनीबाई रोज तिथे फिरायला येतात, हे मला तेरा वर्षं माहीत आहे. त्या दिसल्या की मी बाजूची वाट धरायचे. आज धरली नाही. माझी चूक झाली, एवढं म्हटलं. त्यांनी मला ओळखायला जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, श्वेताच्या मुलाची यंदा मुंज आहे. आणि विचारलं, घरी कोणाला झालंय का? मी हो म्हटलं. बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, काय खावं, कशाने मळमळ थांबते. वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय.

पूर्वीला मी सांगणार नाही. मला येतं, म्हणूनच. तिने ते माझ्याकडून ऐकलं तर आयुष्यभर म्हणेल, आईने मावशीला सांगितलं, मला नाही.

सोमवारी दहा वाजता. पूर्वी तुझ्या उजवीकडे बसेल, मी डावीकडे. विनिता विचारेल, यापूर्वी काही आजार होता का. तिला मी सांगून ठेवलंय, घाई करू नका, बाईला वेळ लागतो. तू हवा तेवढा वेळ घे. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसणार आहे. एखादा वर येतोय असं वाटलं तर धर.

लोभ होता तेवढाच, जागा फक्त थोडी मागची.

तुझी,
ताई